सूर धरणारे : श्वास न तोडता वाजवायची वाद्यं

अनवट_सूर

देवळातल्या चौघड्यात किंवा लग्नात सनई चालू असते तेव्हा सगळ्यांचे कान मुख्य सनईवर. तिच्या शेजारी आणखी एक जण बसलेला असतो. हातात सनईसारखीच नळी, पण बोटं जागची हलत नाहीत, नजर कुठेतरी लांब आणि गाल फुगलेले. तो फक्त सा धरून असतो. भूप संपतो, सारंग येतो, अक्षता पडतात, पहिली पंगत उठते, याचा सा चालूच. दाद मिळायचा प्रश्नच नाही. तो थांबला तरच लोकांना कळतं की इथे काहीतरी होतं.

हा धागा त्या माणसाबद्दल आणि जगभर पसरलेल्या त्याच्या भाऊबंदांबद्दल. सुषिर म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांवर लिहिताना आपण बासरीतल्या मींडेबद्दल, एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकण्याबद्दल, भरभरून लिहितो, खालचा सूर कोणी धरला ते कोणी विचारत नाही.

आपल्याकडे त्याला नुसतं ‘सूर’ म्हणतात. तामिळनाडूत नागस्वराच्या साथीला ‘ओत्तु’ असायचं, तेही हेच काम करणारं. आर्मेनियात दुदुक मुळातच दोघांनी वाजवायचं वाद्य: एक जण चाल वाजवतो, दुसरा तसाच दुदुक घेऊन खाली एक स्वर धरतो. त्या धरलेल्या स्वराला दाम म्हणतात आणि धरणाऱ्याला दामकश. दुदुक जर्दाळूच्या लाकडाचं, पत्ती (फुंकल्यावर थरथरून आवाज काढते ती) चांगली अंगठ्याएवढी रुंद, त्यामुळे आवाज घोगरा आणि मऊ. दुदुकसंगीत २००८ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. दुदुकवादक जिवान गास्पारियानचं कुठलंही ध्वनिमुद्रण ऐका, पण एकदा फक्त खालच्या दामकडे लक्ष देऊन ऐका. तो काढून टाकला तर वरची चाल पोरकी होते.

इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या लोकांनी तर दुसरा माणूसच वाचवला. त्यांचं लाउनेद्दास म्हणजे बोरूच्या जातीच्या वेताच्या तीन नळ्या. सगळ्यात लांब नळी ‘तुंबू’. तिला बोटांची भोकं नाहीत, ती फक्त खर्ज धरते. ती डाव्या हातातल्या नळीला बांधलेली असते, तिसरी नळी उजव्या हातात, आणि तिन्हींची टोकं एकदम तोंडात. पत्तीच्या जिभेवर मधमाशीच्या मेणाचा ठिपका लावून सूर उतरवतात, खरवडून चढवतात. इत्तिरीजवळ सापडलेली काशाची एक छोटी मूर्ती आहे, इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकाच्या आसपासची. तिच्या तोंडातही तीन नळ्या आहेत. आंद्रेआस बेंत्सोन नावाच्या डॅनिश अभ्यासकाने १९५०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या म्हाताऱ्या वादकांकडे बसून सगळं नोंदवून घेतलं, १९६९ साली त्याचा ग्रंथ आला. गावातल्या चौकात लोक हातात हात घालून नाचायचे आणि मधोमध उभा राहून एकटा माणूस वाजवायचा. नाच थांबेपर्यंत सूर तुटता कामा नये, हा करार.

आता प्रश्न असा की हे करतात कसं? म्हणतात की नाकाने श्वास आत घेतानाही तोंडाची फुंकर चालूच ठेवतात. कोणी शिकलं असेल, घरात कोणी वाजवत असेल, तर लिहा.

खडूस_मास्तर

एकाच वेळी नाकाने श्वास आत आणि तोंडाने फुंकर बाहेर? ‘नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे’ यातला प्रकार दिसतोय. माणूस मध्ये चोरून श्वास घेत असणार आणि ऐकणाऱ्याला कळत नसणार.

झुळूक_कोल्हापूर

मास्तर, म्हण तुम्ही बरोबर माणसावर आणलीत. आमचे आजोबा सोनार. डाख देताना दिव्याच्या ज्योतीवर फुंकणीने फुंकर धरायचे. ज्योत दागिन्यावर सारखी राहिली पाहिजे, मध्ये हलली की डाख नको तिथे पसरतो. आजोबांचे गाल फुगलेलेच असायचे आणि छाती मात्र आपल्या तालात वरखाली व्हायची. ते आमच्याशी बोलायचे नाहीत, पण मानेने हो-नाही करायचे, फुंकर चालूच. ही विद्या फक्त वादकांकडे नाही.

घसा_खवखव

(कान-नाक-घसा, निवृत्तीच्या वाटेवर.)

आत काय चालतं ते सांगतो, मग मास्तरांनी आरशासमोर करून बघावं.

आधी गाल हवेने भरा. मग जिभेचा मागचा भाग वर उचलून मऊ टाळूला भिडवा. आता तोंड आणि घसा वेगळे झाले. गालांचे स्नायू आवळले की तोंडातली हवा ओठांतून बाहेर जाते आणि त्याच वेळी नाकातून फुप्फुसांपर्यंतचा रस्ता मोकळा असतो. तिथून झटकन श्वास ओढायचा. गालांतली हवा संपत येते तशी जीभ खाली घ्यायची आणि फुप्फुसांची हवा पुढे आणायची. एकाच हवेने दोन दिशांना जायचं नाही, त्या दोन वेगळ्या हवा आहेत.

अवघड आहे तो सांधा. गालांचा दाब आणि फुप्फुसांचा दाब सारखा नसला की तिथे सूर डगमगतो. नवशिक्याचा सा ऐकलात तर दर काही सेकंदांनी एक गचका येतो. मुरलेल्याचा येत नाही.

दुसरी गोष्ट, हवा किती लागते. सनईच्या किंवा दुदुकच्या पत्तीच्या फटीतून हवा थोडी जाते, दाब मात्र भरपूर लागतो. त्यामुळे गालांतली वाटीभर हवासुद्धा श्वास घेण्यापुरती पुरते. बासरीत उलटं आहे: दाब कमी, हवा भसाभसा. बासरीवरही करणारे आहेत, पण ते दमछाकीचं काम.

अवांतर: २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये स्वित्झर्लंडमधला एक अभ्यास छापून आला. झोपेत श्वास अडकणारे, घोरणारे २५ जण घेतले. त्यातल्या काहींना ४ महिने डिजेरिडू (ऑस्ट्रेलियातलं लांब लाकडी नळीचं वाद्य) शिकवला, बाकीच्यांना नुसतं थांबायला सांगितलं. वाजवणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि त्यांच्या शेजारी झोपणाऱ्यांची झोपमोडही. घशाच्या स्नायूंना व्यायाम होतो, असा तर्क. २०१७ मध्ये त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीचं नोबेल, मिळालं, तेही शांततेचं! माझ्या पेशंटना मी झोपेत श्वास चालू ठेवणाऱ्या मशीनऐवजी डिजेरिडू लिहून देत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कांगारूंच्या_देशा

डॉक्टरांनी डिजेरिडू काढलाच आहे तर. इथे विमानतळावर जे रंगीबेरंगी नग विकतात त्यावर जाऊ नका. मूळ वाद्य ऑस्ट्रेलियाभरचं नाही, उत्तरेकडचं. आर्नहेम लँडमधले योल्ङू लोक त्याला यिडाकी म्हणतात. निलगिरीच्या जातीचं झाड निवडायचं, ज्याचा गाभा वाळवीने खाल्लेला आहे. खोडावर टिचकी मारून आवाजावरून पोकळी किती ते ओळखतात. कोरायचं काम वाळवीने केलेलं, माणसाने फक्त साल काढायची, आतली घाण पाडायची आणि तोंडाच्या टोकाला मेण लावायचं.

इथे पत्ती नाही, ओठच थरथरतात. आणि हा नुसता खर्ज नसतो. जिभेने, गालांनी आवाजाचा रंग बदलतात, मध्येच घशातून प्राण्यापक्ष्यांचे आवाज काढतात. गालांवरून श्वास घेताना जो गचका येतो असं डॉक्टर म्हणाले, तो हे लोक लपवत नाहीत. त्या गचक्यांचाच ठेका करतात. मला तरी हे उत्तर सगळ्यांत हुशारीचं वाटतं.

जव्हारचा_पाऊस

तारप्याचं नाव अजून कोणी काढलं नाही म्हणून लॉगिन केलं.

वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा. वाजवणारा तारपकरी. भात कापून झालं की रात्री नाच होतो, तारपकरी मध्ये आणि बाकीचे कमरेला हात घालून त्याच्याभोवती गोल. वारली चित्रात जो गोगलगायीसारखा नाच दिसतो तो हाच. नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. तो चाल बदलतो तसे पाय बदलतात, त्यामुळे मध्येच सूर तुटला तर सगळी रांग अडखळते. आमच्याकडचे भिकल्या धिंडा यांना याच वाद्यासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोवर शहरातल्यांना तारपा फक्त साडीच्या काठावर माहीत होता.

भोपळ्यात हवा साठते म्हणून दम पुरतो, असं गावात सांगतात.

नळीत_वारा

@जव्हारचा_पाऊस, वर्णन झकास. पण साठ्याचं मला पटत नाही. भोपळा टणक असतो, तो पिळता येत नाही. साठवलेली हवा बाहेर ढकलायची तर साठा दाबता आला पाहिजे. म्हणजे तारपकरी गालांनीच काम करतो, भोपळा त्याचा श्वास वाचवत नाही.

भोपळा ही टोपी आहे. आत दोन पत्त्या आहेत, त्यांना ओठ लागत नाहीत, फक्त हवा लागते. गारुड्याच्या पुंगीत तेच. युरोपात सोळाव्या शतकात क्रमहॉर्न नावाचं खाली वळलेल्या काठीसारखं वाद्य होतं, त्यावर लाकडाची टोपी असे, तिच्या वरच्या भोकातून फुंकायचं.

या टोपीचे परिणाम मजेशीर आहेत. ओठ पत्तीवर नाहीत म्हणजे मींड नाही, हळू-जोरात नाही, जोरात फुंकलं तर फक्त बेसूर. राहिलं काय? बोटं आणि न तुटणारा श्वास. एवढ्यावर तारपकरी रात्रभर माणसं नाचवतो!

जव्हारचा_पाऊस

आमच्या म्हाताऱ्या तारपकऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, तू आधी फुंकून दाखव, मग टोपी की माठ ते सांग. :) पण गालांचं म्हणाल तर खरं आहे, वाजवताना त्यांचे गाल बेडकासारखे होतात.

पाइपवाला_टोरांटो

पिळता येणारा साठा हवा असेल तर मी आहे. इथल्या एका पाइप बँडमध्ये स्कॉटलंडचा हायलँड बॅगपाइप वाजवतो. बँडमध्ये मराठी मीच एकटा, किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा घागरा) घातल्यावर आई फोटोही बघत नाही.

फुंकायची नळी पिशवीत जाते, तिला आत झडप असते. पिशवी डाव्या काखेत. फुंकताना हात सैल, श्वास घेताना हात आवळायचा. पिशवीतून चार ठिकाणी हवा जाते: चाल वाजवायची नळी एक आणि खांद्यावरच्या तीन सूरनळ्या, दोन मध्यम, एक खर्जाची. म्हणजे अनवट_सूर म्हणतात ते ‘सूर धरणारे’ माझ्या खांद्यावर तीन बसलेत. गाल फुगवले तर आमचे मास्तर ओरडतात, गालांचं काम काखेला दिलेलं आहे.

यातली गोम अशी की एकदा सुरू केलं की थांबवताच येत नाही. पत्तीला जीभ लावून स्वर तोडायची सोय नाही. मग एकच स्वर दोनदा वाजवायचा कसा? मध्ये दुसऱ्या स्वराचा इतका बारीक कण टाकायचा की तो स्वर म्हणून ऐकू येत नाही, पण कापल्यासारखं वाटतं. स्कॉटिश पाइपमधल्या त्या किरकिऱ्या हरकती लोकांना नटवेपणा वाटतात. ती आमची विरामचिन्हं आहेत. सगळ्या नऊ स्वरांत हे चालतं, नऊच स्वर आहेत म्हणा.

आयर्लंडचे इलिन पाइप्स तर तोंडानेही फुंकत नाहीत. एका कोपराखाली भाता, दुसऱ्याखाली पिशवी, माणूस खुर्चीत बसून वाजवता वाजवता गप्पा मारू शकतो. उत्तराखंडात लग्नात मशकबीन वाजतं, तेही याच घराण्यातलं.

खडूस_मास्तर

पिशवी आली, भाता आला. आता पेटी आणा म्हणजे धागा संपूर्ण महाराष्ट्राचा झाला.

भाता_मारके

आणतोच. मास्तर, उपहासाने म्हणालात पण पेटी सुषिर वाद्यच आहे. आणि तिचं मूळ शोधायला गेलात तर आणखी एक युक्ती सापडते, जी वर कोणी सांगितलेली नाही.

सनईची पत्ती नळीच्या लांबीप्रमाणे वाजते. पण लाओसमधल्या ‘खेन’मध्ये वेगळी पत्ती असते: धातूच्या पातळ पट्टीत कापलेली जीभ, जी दोन्ही बाजूंना मोकळी हलते. बांबूच्या नळ्यांची दुहेरी रांग, मध्ये लाकडी मूठ, त्यातून फुंकायचं. हवा बाहेर गेली तरी वाजते, आत ओढली तरी वाजते. म्हणजे श्वास घेताना सूर तुटतच नाही. गाल नको, पिशवी नको. खेन २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. चीनमधला शेंग त्याचा चुलतभाऊ. अठराव्या शतकात शेंग युरोपात पोहोचले आणि अशी मोकळी जीभ वापरून तिथल्या कारागिरांनी एकामागून एक वाद्यं केली: माउथ ऑर्गन, अकॉर्डियन, हार्मोनियम. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी पायाचा भाता काढून हाताची पेटी केली ती १८८४च्या सुमारास. पुढे संगीत नाटकांनी तिला डोक्यावर घेतलं. आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला बंदी घातली होती, तो वेगळ्या धाग्याचा (आणि भांडणाचा) विषय.

सूरपेटी म्हणजे त्याच पेटीचा असा अवतार की जिला फक्त सा-प धरायचा. शेवटी सूर धरणाऱ्याचं काम भात्याने घेतलं.

मांडवीकाठ

भाता_मारके यांच्या शेवटच्या ओळीवर थांबले. आमच्या गोव्यात देवळातल्या सनईबरोबर जो सूर असतो त्याला सूर्त म्हणतात. आमच्या देवळात आता सूर्त धरायला माणूस नाही. मुलगे मुंबईला नाहीतर जहाजावर. सनईवाल्या काकांच्या शेजारी एक इलेक्ट्रॉनिक सूरपेटी ठेवलेली असते, वर फडकं टाकून. दक्षिणेतही ओत्तुवाले असेच गेले, श्रुतीपेटी आली.

काका तक्रार करत नाहीत. पण दुपारच्या आरतीला ते पेटीचं बटण सारखं फिरवत असतात.

नळीत_वारा

ते बटण का फिरवतात याला कारण आहे. नळीतली हवा तापली की सूर चढतो, १ अंशाला सुमारे ३ सेंट (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). पहाटेच्या काकड्याला आणि दुपारच्या आरतीला हवेत दहा अंशांचा फरक असेल तर सनई तीसेक सेंट वर जाते. तेवढं सामान्य कानालाही टोचतं. शेजारी माणूस सूर धरून असता तर त्याची नळीही त्याच मंडपात, त्याच उन्हात तापली असती. दोघं मिळून चढले असते आणि कोणाला कळलंही नसतं. यंत्र मात्र सकाळी होतं तिथेच.

शिवाय सनईवाला पत्ती ओठांत धरतो, ओठांच्या दाबाने थोडं वरखाली करू शकतो. सूर धरणाराही करू शकतो, ऐकत ऐकत. वर्षानुवर्षांची जोडी असेल तर कोण कोणाकडे सरकतंय तेही सांगता येत नाही.

अनवट_सूर

@नळीत_वारा, ओठांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, थोडं जोडतो. तुर्कस्तानचा झुर्ना आणि आपली सनई एकाच कुळातल्या, दोन्हींची नळी पुढे रुंदावत जाते, दोन्हींना दुहेरी पत्ती. पण झुर्न्याच्या पत्तीखाली एक चकती असते, तिच्यावर ओठ टेकवून अख्खी पत्ती तोंडात घेतात. ओठांचा ताबा सुटतो, आवाज मोठा आणि एकसलग होतो. ढोलाबरोबर उघड्या मैदानात वाजवायला तोच हवा. आपल्याकडे पत्ती ओठांत राहिली म्हणून ख्याल गाता आला. बिस्मिल्ला खाँसाहेबांची मींड त्या दोन ओठांत होती. सनईला दोऱ्याने लटकलेल्या जादा पत्त्या आणि एक सुई तुम्ही बघितली असेल. वाजवणारा मध्येच त्या सुईने पत्तीची फट थोडी उघडतो, ओठांत ओली करतो, एकदा फुंकून बघतो आणि मान हलवून दुसरी लावतो. ही निवड चालू असतानाही शेजारी सा चालूच असतो.

पोथीनिष्ठ

ग्रीकांचं नाव यायला हवं. त्यांचा औलोस म्हणजे दोन नळ्या एकदम तोंडात, दोन्हींना पत्ती. चित्रांत बऱ्याच वादकांच्या गालांवरून डोक्यामागे बांधलेला चामडी पट्टा दिसतो, त्याला फोर्बेया म्हणत. तासन्‌तास फुंकताना गाल आणि ओठ आवरून धरायला तो असावा.

आणि हे बघायला अथेन्सला जायला नको. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या उत्तर तोरणावर परदेशी वेशातल्या वादकांचा घोळका कोरलेला आहे. एकाकडे जोडनळी, दोघांकडे उंच उभी प्राण्याच्या तोंडाची शिंगं, युरोपातले केल्ट लढाईत वाजवायचे त्या कार्निक्ससारखी. भोपाळहून तासाभराच्या रस्त्यावर आहे, पुढच्या वेळी तोरणाखालून घाईने आत जाऊ नका.

मांडवीकाठ

मला शिकायचं आहे. सनई नाही, नुसता सूर. काकांना विचारलं तर म्हणाले, आधी श्वास शीक, मग ये. कुठून सुरू करू?

घसा_खवखव

ताई, वाद्य हातात घेऊ नका. पेलाभर पाणी आणि एक नळी. पाण्यात सतत बुडबुडे काढायचे आणि मध्ये नाकाने श्वास घ्यायचा, बुडबुडे तुटता कामा नयेत. सार्डिनियातली पोरंही असंच शिकायची. सुरुवातीला बारीक नळी घ्या, हवा कमी लागते. जमलं की जाड. नाकात पाणी जाईल, घरचे हसतील. कान दुखले किंवा चक्कर आली तर थांबा, हा वैद्यकीय सल्ला समजा.

खडूस_मास्तर

मी केलं. कागदी स्ट्रॉ भिजून चपटी झाली. आणि बुडबुडे तुटतात.

झुळूक_कोल्हापूर

मास्तर, परसात पपई असेल तर पानाचा देठ कापा, आतून पोकळ असतो. भिजत नाही. टोकाजवळ चीर दिली तर पिपाणीही वाजते, मग शेजारचे तुम्हाला थांबवायला येतील तेव्हा सूर किती वेळ धरला ते इथे कळवा.